आवाज, धूर आणि आपोआप सुटणारं कपलिंग : एका जुन्या मेर्क्लिन इंजिनावर केलेला खर्च

निकाल आधीच सांगून टाकते. मॉडेल रेल्वेच्या जुन्या इंजिनावर पैसे घालायचे असतील तर आवाजावर घाला, कपलिंगवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्यावर, जरा हात सैल सोडून घाला, आणि धुरावर घालण्याआधी एक रात्र विचार करा. माणसं नेमकं उलट करतात. माझ्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा इंजिन बघून पहिलं विचारतो, "धूर येतो का?" कपलिंगचं नाव आजवर एकानेही काढलेलं नाही. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबायला हरकत नाही. बाकीच्यांसाठी सगळा तपशील देते, कारण या गोष्टींची माहितीपत्रकं ज्या जर्मनमध्ये लिहिलेली असतात ते जर्मन इथे शेजारीपाजारी कुणी बोलत नाही.

इंजिन म्हणजे मेर्क्लिन ३००३, जर्मन रेल्वेच्या २४ श्रेणीच्या वाफेच्या इंजिनाचं मॉडेल. एचओ आकार, म्हणजे खऱ्याच्या सत्याऐंशीव्या हिश्शाएवढं. मी श्टुटगार्टजवळ राहते आणि मेर्क्लिनचं गाव, गोपिंगन, इथून लोकल गाडीच्या अंतरावर आहे. १८५९ मध्ये बाहुल्यांच्या घरातली पत्र्याची भांडीकुंडी करण्यापासून सुरू झालेली ही कंपनी, १९३५ पासून आजच्या एचओच्या मापाच्या गाड्या करते. त्यामुळे या भागात जुन्या मेर्क्लिन गाड्यांना तोटा नाही. घरातले आजोबा गेले की माळ्यावरचे खोके रविवारच्या जुन्या खेळण्यांच्या बाजारात येतात. तिथेच मला हे साठ युरोला मिळालं. रंग एका बाजूला उडालेला, पण चाकं सरळ आणि जस्ताच्या मिश्रधातूची बॉडी शाबूत. हातात घेतलं की वजन कळतं. आजच्या प्लास्टिकच्या नाजूक मॉडेलना ते वजन नाही.

खरं २४ श्रेणीचं इंजिन छोटंच होतं. १९२८ ते १९४० या काळात फक्त ९५ बनली, मुख्यतः पूर्व आणि पश्चिम प्रशियातल्या सपाट, लांबलचक शाखामार्गांसाठी. जर्मन लोक त्याला लाडाने 'स्टेपचा घोडा', म्हणजे गवताळ मैदानातला घोडा, म्हणत. दोन सिलिंडर, दीड मीटर व्यासाची तीन जोड चाकं, वेग ताशी ९० किलोमीटर. अशी इंजिनं एका स्टेशनावर दोन डबे सोडायची, पुढच्या स्टेशनावर मालाची एक वाघीण उचलायची, अशी दिवसभर वेठबिगारी करत. ही माहिती नुसती शोभेची नाही. कपलिंगचं महत्त्व मला याच कामामुळे कळलं, पण त्याकडे नंतर येते.

आधी मोटर. यावर फार वेळ घालवत नाही, पण हे केल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही. जुन्या मेर्क्लिनची मोटर ऑल्टरनेटिंग करंटवर चालते, आतला चुंबक म्हणजे तारेची गुंडाळी असते. दिशा बदलायला वरून २४ व्होल्टचा झटका द्यायचा, की आतला रिले खट्कन फिरतो आणि इंजिन जागेवर एक उडी मारतं. लहान मुलांना ती उडी फार आवडते. डिजिटल डीकोडरला, म्हणजे कंट्रोलरच्या आज्ञा वाचून इंजिन चालवणाऱ्या छोट्या सर्किटला, मात्र ही व्यवस्था चालत नाही. रिले काढायचा, गुंडाळीच्या जागी कायमचा चुंबक बसवायचा, आणि जमलं तर तीन दातांच्या आर्मेचरऐवजी (मोटरचा फिरणारा भाग) पाच दातांचं घालायचं. पाच दातांचं घातल्यावर इंजिन इतकं हळू सरकतं की आधी वाटतं बंदच पडलंय. हा बदल चाळीसएक युरोत होतो. इथे काटकसर करू नका, कारण मोटर धक्के देत असेल तर कितीही महागडा आवाज घातला तरी तो खोटा वाटतो.

आता आवाज. मी ईएसयू कंपनीचा लोकसाउंड ५ हा डीकोडर घेतला. कंपनी नॉय-उल्मची, म्हणजे तीही आमच्याच बाजूची. साधारण सव्वाशे युरो, सोबत ११ बाय १५ मिलिमीटरचा स्पीकर येतो. एकाच वेळी दहा आवाज वाजवू शकतो. इंजिनाचा श्वास चालू असताना शिटी, शिटी चालू असताना हवेचा पंप, त्यातच भट्टीत कोळसा टाकणारं फावडं. आवाज खऱ्या इंजिनांवरून रेकॉर्ड केलेले असतात आणि कंपनीच्या साइटवर त्यांच्या फायली फुकट मिळतात. त्या डीकोडरमध्ये भरायला मात्र कंपनीचंच लोकप्रोग्रॅमर नावाचं यंत्र लागतं. एकाच इंजिनासाठी ते विकत घेण्यात अर्थ नाही, दुकानदार घेतानाच फाइल भरून देतो. मला सवय जडायची चिन्हं दिसत होती म्हणून मी यंत्रही घेतलं. हा खर्च या हिशेबात धरलेला नाही, कारण घरी विचारणारे आहेत.

स्पीकरबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. एवढासा स्पीकर उघडा ठेवला तर त्याच्या पुढून निघणारा आवाज आणि मागून निघणारा आवाज एकमेकांना मारतात आणि हाती किरकिर राहते. मागची बाजू पूर्ण बंद हवी. सोबत प्लास्टिकची छोटी पेटी येते, तिचे सांधे गोंदाने नीट बुजवायचे, केसाएवढीही फट ठेवायची नाही. मी स्पीकर टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात, कोळशाच्या खाली, तोंड जमिनीकडे करून बसवला आणि टेंडरच्या तळाला भोकं पाडली. मग आवाज रुळांवर आपटून वर येतो आणि भरीव वाटतो. डीकोडरही टेंडरमध्येच घातला. त्यामुळे इंजिन आणि टेंडर यांच्यामध्ये पुष्कळ तारा आल्या. त्या केसासारख्या बारीक आणि मऊ घ्या. कडक तार घेतली तर वळणावर टेंडर उचलला जातो आणि रुळावरून घसरतो. सोबत एक छोटा कपॅसिटर बसवता आला तर उत्तम. सांध्यावर क्षणभर वीज तुटली की तो इंजिनाला ओढून नेतो. नाहीतर प्रत्येक सांध्यावर आवाज तुटतो आणि इंजिन पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्यासारखं वाटतं.

पण डीकोडर बसवला म्हणजे काम संपलं असं नाही, आणि बहुतेक लोक इथेच थांबतात. दोन सिलिंडरच्या इंजिनात दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी वाफ काम करते, म्हणून चाकाच्या एका फेरीत चार वेळा धुराड्यातून 'फक्' असा आवाज येतो. तीन सिलिंडरच्या इंजिनात सहा वेळा. २४ श्रेणीच्या चाकाचा घेर साधारण ४.७ मीटर. ताशी दहा किलोमीटरला सेकंदाला दोनेक ठोके पडतात, तेवढे सहज मोजता येतात. चाळीसला नऊच्या वर जातात आणि नव्वदला एकवीसच्या आसपास, म्हणजे तेव्हा ठोके राहतच नाहीत, एकच घरघर उरते. मॉडेलच्या चाकाला हे सगळं आपोआप कळत नाही, आपण सांगावं लागतं. डीकोडरमध्ये सीव्ही नावाचे नंबरवार कप्पे असतात, प्रत्येकात एक आकडा. इंजिन सगळ्यात मंद वेगावर सोडायचं, चाकांना जोडणाऱ्या एका दांड्यावर नजर ठेवायची आणि एका फेरीत चार ठोके पडेपर्यंत सीव्ही ५७ चा आकडा हलवायचा. मग वेग वाढवून सीव्ही ५८. हे संध्याकाळभराचं काम आहे, चहा बाजूला घेऊन करण्यासारखं. त्याआधी मोटरचा स्वभाव डीकोडरला कळवायचा असतो. सीव्ही ५४ मध्ये शून्य भरायचं आणि कंट्रोलरवरचं एफ १ बटण दाबायचं. इंजिन क्षणात पूर्ण वेगाने सुटतं आणि स्वतःच सगळं मोजून घेतं. टेबलाच्या कडेला मांजर असेल तर आधी उचला. आणि आवाजाची पातळी, सीव्ही ६३, कमी करा. कारखान्यातून येते ती मोठ्या हॉलसाठी असावी. आमच्या बसायच्या खोलीत निम्म्यावर आणल्यावरच ती खरी वाटायला लागली. एवढंसं इंजिन एवढ्या मोठ्याने ओरडलं की तो खेळण्याचाच आवाज वाटतो.

एवढं झाल्यावर मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. अण्णा, माझे वडील, भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होते. आयुष्य डब्ल्यूजी आणि डब्ल्यूपी या भारतीय रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांखाली गेलं. मी टेबलावरून इंजिन पळवून दाखवलं. शिटी ऐकून ते काही बोलले नाहीत. इंजिन थांबत आलं तेव्हा विचारलं, "हे उतारावर आहे का गं?"

"नाही अण्णा, सपाट आहे."

"मग रेग्युलेटर बंद केल्यावर एवढं भकभक का करतंय? वाफ तोडल्यावर इंजिन नुसतं रॉडच्या खणखणाटावर पळायला पाहिजे. तुझा ड्रायव्हर वाफही देतोय आणि ब्रेकही मारतोय."

कुठल्याही परीक्षणात मला हा मुद्दा वाचायला मिळाला नव्हता. दोष डीकोडरचा नाही, मी वेग कमी करण्याचा काळ फार थोडा ठेवला होता. सीव्ही ४ वाढवला. आता नॉब शून्यावर आणला तरी इंजिन लगेच थांबत नाही, बराच वेळ घरंगळत जातं, आणि तेवढ्या वेळात ठोके विरून दांड्यांचा आवाज वर येतो. त्याचा एक परिणाम असा की स्टेशनावर नेमकं थांबवायला आता शिकावं लागतं. पूर्वी नॉब बंद केला की इंजिन थांबायचं, आता फलाटाच्या कितीतरी आधी वाफ तोडावी लागते. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग बरोबर आहे."

त्यांनी आणखी एक खोड काढली. थंड इंजिन निघताना सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी साठलेलं असतं. पाणी काही दाबलं जात नाही. ते तसंच ठेवून दट्ट्या हलवला तर सिलिंडरचं झाकणच फुटेल. म्हणून निघताना ड्रेन कॉक उघडतात आणि पुढच्या बाजूने पांढऱ्या वाफेचा फवारा सुटतो. फाइलमध्ये तो आवाज होता, फक्त असा लांबच्या बटणावर ठेवलेला की माझा हात तिथे कधी गेलाच नव्हता. मी तो पहिल्या चार बटणांत आणला. तुमच्याकडे जुना मेर्क्लिन कंट्रोलर असेल तर हे जास्तच महत्त्वाचं. जुना ६०२१ फक्त चार फंक्शन देतो, मग दहा आवाजांचा डीकोडर घेऊन त्यातले चार वाजवत बसाल. कोळशाच्या फावड्याचा आवाज मात्र अण्णांना पटला. सेफ्टी व्हॉल्व्हचा पटला नाही. त्यांच्या मते एवढा वेळ सेफ्टी उडत असेल तर फायरमनला नोटीस निघाली असती.

आता धूर. धुराचं नळकांडं म्हणजे धुराड्यात बसणारी बारीक नळी, आत तापणारी तार. वरून तेलाचे काही थेंब घालायचे, ते तापून वाफ होतात. किंमत वीसपंचवीस युरो. मी कुठल्या कंपनीचं घेतलं हे सांगत नाही, कारण जे त्रास झाले ते या प्रकारच्या सगळ्याच नळकांड्यांना कमीजास्त होतात असं दिसतं. थेंब कमी पडले तर धूर नाही, जास्त पडले तरी धूर नाही, नुसते बुडबुडे. आणि फारच जास्त पडले तर तेल उसळून बॉयलरवर सांडतं, तिथून चाकांवर, चाकांवरून रुळांवर. मग इंजिन घसरतं, चाकं जागेवर फिरतात, आणि ठोके मात्र छान जुळलेले. मेर्क्लिनमध्ये आणखी एक भानगड आहे. जुन्या पद्धतीच्या नळकांड्याला एकच तार असते, दुसरं टोक बॉडीला टेकतं. डिजिटलमध्ये असं केलं तर त्याला अर्धीच वीज मिळते आणि धूर क्षीण येतो. दोन तारांचं, बॉडीपासून वेगळं ठेवलेलं नळकांडं घ्या आणि दुसरी तार डीकोडरच्या समाईक प्लसला जोडा. विजेचं ओझं फार नाही, लोकसाउंड ५ चं एक आउटपुट २५० मिलिअँपिअर देतं आणि छोट्या नळकांड्याला ते पुरतं. ३००३ चं धुराडं मात्र अरुंद. भोक मोठं करताना बॉडीच्या धातूचा कीस मोटरमध्ये जाऊ देऊ नका, आधी बॉडी पूर्ण सुटी करा.

सगळं नीट झाल्यावर धूर येतो. उदबत्तीचा येतो तेवढा. अंधाऱ्या खोलीत, मागून टेबललॅम्प लावला तर छान दिसतो. पाच-सात मिनिटं. मग पुन्हा थेंब. थोडा वेळ चालवलं की खोलीत एक तेलकट, गोडसर वास भरतो आणि इथे हिवाळ्यात खिडकी उघडायची म्हणजे हीटरचं बिल. आमच्या राज्यात घरोघरी स्मोक डिटेक्टर सक्तीचा आहे आणि आमचा नेमका रेल्वेच्या टेबलावर. तो आजवर वाजला नाही, यावरून धुराची योग्यता काय ती समजा. शिवाय हा धूर ठोक्याबरोबर येत नाही. इंजिन उभं असो वा पळत असो, रेघ सारखीच. ठोक्यागणिक फुंकर मारणारी, पंखा लावलेली धुराची यंत्रं मिळतात, ती मोठ्या आकाराच्या गाड्यांत खरोखर सुंदर दिसतात. या छोट्या इंजिनात ती मावत नाहीत.

एक गोष्ट गंभीरपणे. हे तेल रॉकेलच्या जातीचं आहे. लहान मुलाने तोंडात घेतलं तर पोटापेक्षा फुप्फुसांना धोका जास्त. बाटली छोटी असते, रंगीत असते, खेळण्यांच्या शेजारी असते. माझ्याकडे ती कुलपात असते. आणि मुलं येणार असतील त्या दिवशी धूर नाही, मग त्यांनी कितीही गळ घातली तरी.

आता कपलिंग, जे मी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी उत्साहाने केलं. म्हटलं, डबा सोडायला एक बोट पुरतं की. पण बोटाने डबा सोडायचा म्हणजे काय होतं ते बघा. गाडी थांबवायची, टेबलावर वाकायचं, दोन बोटांनी आकडा उचलायचा, तेवढ्यात शेजारचा सिग्नल पडायचा, डबा रुळावरून उतरायचा, आणि माझा चष्मा लावून तो परत चढवायचा. त्यापेक्षा सगळेजण गाडी नुसती गोलगोल फिरवतात. मीही तेच करत होते. २४ श्रेणीच्या इंजिनाचं सगळं आयुष्य डबे सोडण्यात आणि उचलण्यात गेलं, आणि मी त्याला वर्तुळात पळवत होते.

मेर्क्लिनचा जुना उपाय म्हणजे सोडवणूक करणारा रूळ. रुळांमध्ये एक पट्टी, बटण दाबलं की ती वर येते आणि आकडा उचलते. पण डबा सुटणार तो त्याच जागी. दुसरा उपाय इंजिनातच विजेचं कपलिंग बसवण्याचा. मेर्क्लिन त्याला टेलेक्स म्हणत आली आहे, आणि आता इतरही छोट्या कंपन्या असली कपलिंग करतात. आत तांदळाएवढी गुंडाळी, वीज दिली की आकडा उचलला जातो. कुठेही, कुठल्याही फाट्यावर.

नव्या गाड्यांना कपलिंगसाठी ठरलेल्या मापाचा खाचा असतो, त्यात ते खटकन बसतं. १९५०च्या दशकातल्या रचनेच्या टेंडरला कुठला खाचा. त्यामुळे हे काम मी घरी केलं नाही, शेजारच्या गावातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात दिलं. दुकान म्हणजे एका घराचं तळघर. बाहेर पाटी नाही, आत भिंतभर ड्रॉवर आणि प्रत्येकावर पेन्सिलने लिहिलेला नंबर. मालक सत्तरीचे. त्यांनी टेंडर उलटा करून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, याला कापावं लागेल, तुमची परवानगी लेखी द्या. मी दिली. दोन आठवड्यांत देतो म्हणाले आणि महिन्याच्या वर लावला. फोन उचलत नाहीत, संध्याकाळी सहानंतर घंटा वाजवलेली आवडत नाही. हे सगळं मान्य. पण काम असं केलं की कापलेली जागा शोधावी लागते. पितळेचा छोटा तुकडा घासून खाचा बनवला, उंची मापाच्या पट्टीवर बरोबर बसवली, तार टेंडरच्या आतल्या कडेने नेली. कपलिंग धरून पासष्ट युरो घेतले. उंचीचं सांगते, कारण सगळं तिच्यावर आहे. आकडा मिलिमीटरभर वरखाली झाला तर कपलिंग कधी सुटतं, कधी सुटत नाही, आणि कधी सुटू नये तेव्हा सुटतं.

आता गंमत पुढे आहे. नुसता आकडा उचलून भागत नाही, कारण डबा ओढलेला असतो, आकडे एकमेकांत ताणून बसलेले असतात. खऱ्या यार्डात शंटर, म्हणजे डबे जोडणारा-सोडणारा माणूस, ड्रायव्हरला हात दाखवतो, इंजिन जरासं मागे रेटतं, ताण सैल होतो, मग कपलिंग काढता येतं. लोकसाउंडमध्ये ही सगळी कवायत लिहिलेली आहे. एक बटण दाबलं की इंजिन थोडं मागे जातं, आकडा उचलतं, पुढे सरकतं आणि थांबतं. सीव्ही २४६ मध्ये त्या हालचालीचा वेग, २४७ मध्ये पुढे सरकण्याचा वेळ, २४८ मध्ये मागे रेटण्याचा. माझ्या इंजिनाला रेटण्याचा वेळ जरा वाढवावा लागला, कारण जुन्या डब्यांची कपलिंग ढिली आहेत. आणि त्या आउटपुटला 'कपलिंग' हाच प्रकार नेमून द्या, साधा दिवा म्हणून ठेवू नका. कपलिंगच्या प्रकारात डीकोडर क्षणभर पूर्ण जोर देतो आणि मग वीज कमी करतो. दिव्यासारखी सतत वीज दिली तर ती तांदळाएवढी गुंडाळी जळते.

हे सुरू झालं त्या दिवसापासून माझा खेळच बदलला. मी कागदाच्या चिठ्ठ्या केल्या आहेत. कोळशाची वाघीण दूध डेअरीच्या फाट्यावर, लाकडाची मोकळी परत, प्रवासी डबा फलाट दोनवर. चिठ्ठी उचलायची आणि तेवढं काम करायचं. एका छोट्या स्टेशनात तीन सांधे, म्हणजे रूळ बदलायच्या जागा, असले तरी एक संध्याकाळ जाते. ठोके मंद, मोजण्यासारखे. ड्रेन कॉक, शिटी, पुढे, मागे, खट्. आवाजासाठी दिलेले सव्वाशे युरो खरे कामी येतात ते इथे, कारण शंटिंगमध्येच इंजिन सगळे आवाज करतं. वर्तुळात पळताना एकच.

अण्णांनी हे बघून विचारलं, "मध्ये माणूस कोण जातो?" त्यांना वाटलं खऱ्या जर्मन रेल्वेत हे आपोआप होतं. होत नाही. अमेरिकेत जॅनीने आपोआप अडकणाऱ्या कपलिंगचं पेटंट १८७३ मध्ये घेतलं, १८९३ मध्ये तिथे कायदाच झाला. आपल्याकडे मालगाड्यांना सीबीसी, म्हणजे मधोमध बसणारं तसलंच कपलिंग, लागून किती वर्षं झाली. आणि युरोपात बहुतेक ठिकाणी आजही मालगाडीच्या दोन डब्यांमध्ये माणूस बफरखालून वाकून जातो आणि स्क्रू फिरवतो. आता कुठे डिजिटल कपलिंगच्या चाचण्या चालल्या आहेत. माझ्या टेबलावरची गाडी या एका बाबतीत खऱ्या गाडीच्या पुढे आहे. अण्णांना हे ऐकून विलक्षण समाधान वाटलं.

अमेरिकन धाटणीची मॉडेलं ज्यांच्याकडे आहेत त्यांनी हे सगळं करण्याआधी केडी कंपनीची चुंबकी कपलिंग बघावीत. दिसायला खऱ्या सीबीसीसारखी, वीज लागत नाही. रुळांमधल्या चुंबकावर थांबून ताण सैल केला की सुटतात, आणि सुटलेल्या अवस्थेत डबा पुढे रेटत हव्या त्या जागी सोडता येतो. किंमतही कमी. मी ती घेतली नाहीत, कारण मग घरातल्या प्रत्येक डब्याची कपलिंग बदलावी लागली असती. भारतीय गाड्यांचं मॉडेल करणाऱ्यांना, विशेषतः मालगाड्यांचं, तीच शोभतील. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघून ज्यांना हा नाद लागला, त्यांनी सुरुवात तिथूनच करावी.

खर्चाचं म्हणाल तर इंजिन साठ, मोटर चाळीस, आवाज सव्वाशे, धूर पंचवीस, कपलिंग पासष्ट. म्हणजे तीनशे युरोच्या वर. एवढ्या पैशांत आवाजासकट नवं इंजिन दुकानातून खोक्यात बंद मिळतं, आणि त्याला हमी असते. फक्त बचत म्हणून कुणी जुनं इंजिन सुधारायला घेत असेल तर घेऊ नये. मला ते वजन हवं होतं आणि त्या काळ्या रंगाखालची कुणाच्या तरी बालपणाची ओरखड्यांची बाजू हवी होती, म्हणून घेतलं. पुढच्या इंजिनाला धूर घालणार नाही. वाचलेल्या पंचवीस युरोंत मोठा स्पीकर येतो.

एक काम राहिलंय. लोकप्रोग्रॅमरमध्ये आपलं स्वतःचं रेकॉर्डिंग घालता येतं, आणि अण्णांचा हट्ट आहे की जर्मन इंजिन असलं तरी शिटी डब्ल्यूजीची हवी. चित्तरंजनमधून १९७० मध्ये शेवटची डब्ल्यूजी, 'अंतिम सितारा', बाहेर पडली. त्या जातीची शिटी अजून ज्यांच्या फोनमध्ये किंवा जुन्या टेपवर असेल त्यांनी सांगावं. अट एवढीच की मागे कुणाचं "अरे व्हिडिओ काढ, व्हिडिओ काढ" नको. आत्तापर्यंत मिळालेल्या सगळ्यांत ते आहे, आणि एकात तर लग्नाचा बँडही.